दातापुढचा उंचवटा

मुकादमाची टोळी रस्त्याकडेची झाडं तोडायची. कापायची मशीन चालवायचे पुरुष, पण मशीनच्या दातेरी चेनला धार लावायची ती वहिनी. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक बाक होतं, बाकाला शिकंजा, शिकंज्यात मशीनची, चेन जिच्यावरून फिरते ती, पट्टी आवळलेली, आणि वहिनीच्या हातात गोल कानस. कानस पुढे ढकलायची, उचलायची, परत दातावर ठेवायची. हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं, आणि आता टोळीत नाव निघायचं ते तिच्या धारेचं. धाकट्या दिराची चेनही तिच्याकडेच यायची.

नवरा हल्ली मागे पडू लागला होता. धाकटा एक खोड कापून पाणी प्यायला बसे, तेव्हा याचं निम्मं झालेलं असे.

"दादा, झाड पडायची वाट बघतोयस की पिकायची?" धाकटा विचारायचा. सगळे हसायचे, नवराही हसायचा. पण एके दिवशी मुकादम न हसता म्हणाला, "जमत नसेल तर सांग रे. फांद्या ओढायलाही माणूस लागतोच."

त्या संध्याकाळी नवरा बाकाशी येऊन उभा राहिला.

"अगं, धार तर दे, पण ते पुढचे बुटकेही जरा घास."

वहिनीची कानस थांबली. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने लाकडाचा किती घास घ्यायचा, ते तो ठरवतो. तो खाली बसवला की दात अधाशी होतो. लाकूड भराभर कापलं जातं खरं, पण पट्टीचं टोक कशाला अडलं, तर दात लाकडात रुतून बसतात आणि सगळी मशीन उसळून माणसाच्या तोंडावर येते.

"तुम्हीच सांगितलं होतं ना मला, त्यांना हात लावायचा नाही म्हणून?"

"तेव्हा माझे दंड वेगळे होते."

"अहो, पण उसळली म्हणजे?"

"ब्रेक कशाला आहे मग? पुढचा तो दांडा शोभेला आहे का? मनगट त्यावर आपटलं की चेन जागच्या जागी थांबते. आणि टोकाने कापायला मी काय नवशिका आहे?" मग आवाज उतरला. "उद्या धाकट्याने कापायचं आणि त्याच्या मागून मी फांद्या ओढायच्या, हे बघवेल तुला?"

तिला बघवलं नसतं. तिने चपटी कानस काढली आणि एकेक उंचवटा खाली घेतला. नवरा शेजारी बसून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी समाधान दिसत होतं. ते बघून तिने हात जरा जास्तच चालवला.

दुसऱ्या दिवसापासून मशीन लाकडावर तुटून पडू लागली. भुसा बारीक उडायचा तो आता ढलप्यांसारखा पडायला लागला. धाकट्याचं तोंड बंद झालं. मुकादम म्हणाला, "म्हातारा घोडा उधळला की रे!" घरी येऊन नवऱ्याने हे वाक्य तिला दोनदा ऐकवलं आणि जेवताना तिसऱ्यांदा.

मग वादळ झालं आणि रस्त्यावर झाडांचा खच पडला. एका आडव्या खोडावर नवरा वाकला होता. पलीकडे पानांत एक फांदी दबून होती, ती त्याला दिसली नाही. पट्टीचं टोक तिला लागलं. मशीन अशी उसळली की डोळ्याचं पातं लवायला वेळ मिळाला नाही. मनगट दांड्यावर आपटलं, ब्रेक लागला, चेन थांबली. पण थांबायच्या आत तिने डाव्या खांद्यात तोंड घातलं होतं.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. हातही राहिला, पण तो आता खांद्याच्या वर उठणार नाही आणि मुठीत जोर येणार नाही.

नवरा घरी आल्यावर मुकादम बघायला आला. पिशवीतून चेन काढून त्याने खाटेवर ठेवली आणि अंगठा दातांवरून फिरवला.

"हे उंचवटे कोणी घासले?"

वहिनी दारात उभी होती.

"मी," नवरा छताकडे बघत म्हणाला. "दुसरं कोण घासणार?"

मुकादमाने वहिनीकडे पाहिलं, मग चेनकडे. "हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला, आणि चहाला न थांबता गेला.

रोज सकाळी वहिनी नवऱ्याला शर्ट घालून द्यायची. आधी डावी बाही, मग उजवी. त्यात जेवढं बोलायचं तेवढं होत असे.

दादाची मशीन आता धाकट्याकडे गेली, नवी चेन घालून. पहिल्यांदा धार लावायला आला तेव्हा तो बाकावर बसून पाय हलवत होता.

"वहिनी, दादाच्या चेनसारखी करून दे. काय खायची गं ती लाकूड!"

"धार लावून देते. उंचवट्यांना हात लावणार नाही."

"का?"

"आत जाऊन त्यांचा खांदा बघा, भावजी."

"फांदी आडवी आली म्हणून झालं ते. दादाला दिसली नाही. वय झालं त्याचं, त्याला चेन काय करणार?"

आत खाट करकरली. नवऱ्याला ऐकू गेलं होतं. वहिनीने कानस खाली ठेवली.

"भावजी, त्यांनी नव्हते घासले. मी घासले. या हातांनी. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. तो रागावेल, निदान घाबरेल, असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुला येतं तर! मग एवढे आढेवेढे कशाला?"

तिने शिकंजा सोडला आणि मशीन त्याच्या मांडीवर ठेवली. चपटी कानसही तिने कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली.

"बरं," धाकटा उठत म्हणाला. "कानस काय बाजारात मिळत नाही?"

नवरा दारापर्यंत आला होता. चांगल्या हाताने चौकट धरून तो म्हणाला, "धाकट्या, ऐक तिचं."

"तू पड रे दादा," धाकटा म्हणाला. रागाने नाही, मायेने. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी टोळी घरामागच्या रस्त्यालाच आली. वहिनी भांडी घासत होती. मशीन सुरू झाली, आणि पहिल्याच कापाला तिचा हात थांबला. धार कशी आहे ते तिला आवाजावरून कळे. शहाण्या चेनचा आवाज एकसारखा असतो. हा मध्येच जड होत होता, लाकडात दात रोवून ओढत होता. धाकट्याने उंचवटे घासले होते, आणि तेही ओबडधोबड.

नवरा बाहेर येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. तोही ऐकत होता.

ती तशीच ओल्या हातांनी मुकादमाकडे धावत गेली. मुकादमाने ऐकून घेतलं, मान हलवली. "एवढं खोड होऊ दे. रस्ता मोकळा करायचाय. मग बघतो त्याच्याकडे."

ती परत आली. मशीन चालू होती. मग थांबली.

दोघं जागची हलली नाहीत. कोणी ओरडलं नाही. कोणी हसलंही नाही.

"चहा पीत असतील," नवरा म्हणाला.

तिने त्याची निर्जीव मूठ आपल्या हातात धरली आणि मशीन पुन्हा सुरू व्हायची वाट बघत उभी राहिली.