वारुळासारखं घर आणि त्याचं साणं

नागपंचमीची सकाळ, १९४८. रुद्रम्मानं चूल पेटवली आणि बघता बघता घर धुरानं कोंदलं.

मित्रांनो, मी एक जुनं साणं आहे. लोहाऱ्याजवळच्या एका घराच्या माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं भोक. मला वीरप्पांनी घडवलं. त्यांच्या बायकोला, रुद्रम्माला, धुरानं धाप लागे. थंडीतल्या एका पहाटे वीरप्पांना बांधावरच्या वारुळाच्या तोंडातून वाफ निघताना दिसली. हवा खालून शिरते आणि ऊन होऊन वर जाते, हे त्यांनी ताडलं. घर तसंच बांधलं. पश्चिमेच्या भिंतीत जमिनीलगत भोकं, आणि वर उंच गळ्याचं मी.

शेजारच्या दगडाबाईंनी विचारलं, "वीरप्पा, हे घर हाय का नागोबाचं बिऱ्हाड?"

"भाडं न्हाय घेत मी त्याच्याकडनं, काकू!"

पण रुद्रम्माची धाप कमी झाली. भर उन्हाळ्यात दगडाबाईच डाळ निवडायला आमच्या गारव्याला येऊन बसत. ते माझे सुखाचे दिवस.

पुढं निजामाच्या रझाकारांची दहशत पसरली. माझ्यातून कुणी आत उतरेल म्हणून माझ्यावर फरशी आली. खालच्या भोकांवर घर कसंबसं तगलं. पंचमीच्या आदल्या दिवशी रुद्रम्मानं तीही शेणमातीनं लिंपली. सणाला नागोबा खरंच आत यायचा, अशी तिला धास्ती.

आणि आता घोडेस्वार वेशीत आल्याची हाळी झाली होती. दार उघडायची सोय नव्हती. चुलीवर पाणी ओतलं, तर धूर आणखी उसळला. वीरप्पांनी भोकं फोडायला पहार उचलली. रुद्रम्मानं खोकत त्यांचा हात धरला.

"उकरू नगा. आज पंचमी हाय."

"मग वरची फरशी सारतो."

"धूर दिसंल की त्यान्ला!"

"दिसू दे. तू आधी श्वास घे."

शिडीवर चढून त्यांनी खांद्यानं फरशी ढकलली. धूर सरळ आभाळात गेला, साऱ्या गावाला दिसेल असा. खाली रुद्रम्मा माझ्याकडं तोंड करून हवा ओढत होती. टापा दाराशी थांबल्या. मग पुढं गेल्या.

दुपारीच वीरप्पा तिला बैलगाडीत निजवून निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापूरकडं निघाले.

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा वाऱ्याला यायची आणि जायची, दोन्ही वाटा ठेवा. भीतीनं एक बुजवावी लागली, तर दुसरी जिवापाड जपा.

गाडी नळदुर्गापुढं गेलेली गावातल्या एकानं पाहिली. रुद्रम्मा तेव्हा बसती झाली होती, असं तो सांगतो. त्यापुढची खबर अजून नाही.