मनुकेची झोप

"आज आंघोळ नको, मावशी. आज संध्याकाळी करू," बिर्गिट मोरीच्या दारात उभी राहून म्हणाली. दार तिच्या उंचीला ठेंगणं पडायचं, म्हणून ती तिथं नेहमी मान वाकवूनच बोलायची आणि नवख्या माणसाला वाटायचं, पोरगी किती नम्र आहे.

बनुबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यांवर घेतलेलं, आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत तान्ही मनुका उताणी पडून छताकडे बघत होती. तेल लावून झालं होतं. चुलवणावर पाण्याला आधण आलं होतं.

"पावण्यास्नी न न्हालेलं प्वॉर दावायचं व्हय?" बनुबाई म्हणाल्या. "काय म्हनतील? सुनंच्या सख्ख्या आत्याच्या हाताखाली हाय, आन अंगाला तेलाचा चिकटा."

"पण नंतर ती झोपते. मग पाहुणे काय बघणार?"

"झोपंल घटकाभर. झोपल्यालं प्वॉर लय ग्वाड दिसतं. तू त्यो साबन सरकीव हिकडं."

बिर्गिटनं साबण सरकवला. सांगलीच्या या बालसदनात येऊन तिला पाच-सहा महिने झाले होते आणि बनुबाईंशी वाद घालायचा तो पहिल्या दोन वाक्यांतच संपवायचा, एवढं ती शिकली होती. डेन्मार्कहून ती आली होती, अनाथ मुलांची सेवा करायला, पगार न घेता. सन चौऱ्याहत्तरात सांगलीत ही गोष्ट लोकांना सहज पटण्यासारखी नव्हती. भाजीवाल्या धोंडुबाईचं मत होतं की पोरीचं लग्न मोडलं असावं. बनुबाईंना वाटायचं, घरी भावजयीशी पटत नसेल. पण पोरगी वाईट नव्हती. मुलांचे शेंबूड पुसायची, लंगोट धुवायची, साडीला जागोजाग पिना टोचून दिवसभर अंगणात पोरांच्या लोंढ्यात फिरायची. रात्री कुणी रडलं तर सगळ्यांच्या आधी तिचेच पाय वाजायचे. फुकट काम करणारं माणूस इतकं मन लावून करतं, याचं बनुबाईंना मात्र कोडंच होतं. त्या स्वतः पगार घेत आणि तो कमी आहे हे दर महिन्याला सांगत.

मनुका ही तासगावच्या बाजूला द्राक्षं वाळवायच्या एका शेडमध्ये सापडली होती. काळी, बारकी, अंगभर सुरकुत्या. संचालिका शरयूताईंनी कागदावर तिचं नाव मृणाल ठेवलं, पण ते कागदावरच राहिलं. बनुबाईंनी तिला पहिल्यांदा पायांवर घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आगं, ही तर मनुका हाय." मग सहा महिने रोज तेल, रोज डाळीचं पीठ नि साय, रोज कढत पाणी. हळूहळू सुरकुत्या भरल्या. मांडीला वळ्या पडल्या. मनुकेचं पुन्हा द्राक्ष झालं, नाव तेवढं तसंच राहिलं.

आता त्या द्राक्षाला दोन घरं बोलावत होती. एक डेन्मार्कमध्ये. तिथल्या नवरा-बायकोचा फोटो शरयूताईंच्या टेबलावर होता, दोघंही कुणीतरी हळूच 'हसा' म्हणून सांगितल्यासारखं हसत होती. दुसरं घर साताऱ्याजवळ, बनुबाईंची भाची विजयमाला हिचं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. बनुबाईंनीच शब्द टाकला होता. जावई कृष्णात फौजेत, तो छुट्टीवर आला की सगळ्यांनी मिळून बघायला यायचं ठरलं होतं. आजच ते यायचे होते, कारण उद्या त्याला पलटणीत परतायचं होतं.

शरयूताईंनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. "बनुबाई, उद्या ते हो म्हणाले तर मूल त्यांचं. नाही म्हणाले तर बिर्गिट महिनाअखेरीला मायदेशी जातेय, ती घेऊन जाईल. आणखी थांबवणं बरं नाही. मूल मोठं होतं, माणसं ओळखायला लागतं."

म्हणजे आज दुपारपर्यंत ठरणार होतं, मनुका एस.टी.नं जाता येईल अशा जगात राहणार की नाही.

म्हणूनच त्या दिवशी बनुबाईंचा हात नेहमीपेक्षा जास्त चालला. त्यांनी तेल दोनदा जिरवलं. पाठीच्या मणक्यावरून, तळव्यांवरून, कानांच्या मागून. नाक ओढून सरळ केलं, डोकं गोल दाबलं. तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. मग निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, धूप टाकून धुरी दिली. मोरीतून वाफ आणि धूर एकत्र बाहेर आला, तो व्हरांड्यातून खाली उतरला आणि अंगणातल्या पोरांना काही क्षण आपण कुठं खेळतोय हेच दिसेना. बिर्गिट धुरात उभी राहून खोकत होती.

जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली मनुका बाहेर आली ती झोपलेलीच.

*

पाहुणे पहिल्या एस.टी.नं आले. पुढं सासू साळूबाई, नाकात नथ, खांद्यावरून घट्ट घेतलेला पदर. मागं कृष्णात, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याच्या मागं विजयमाला. शरयूताईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथं पाळण्यात मनुका होती, मुठी कानाशी, ओठ जरासे उघडे.

"झोपलीया," बनुबाई म्हणाल्या. "आताच न्हाली. उठंल बगा इतक्यात."

"ऱ्हाऊ द्या की," साळूबाई खाली बसल्या. "न्हाल्यावर प्वॉर झोपतंच. मला काय ठावं न्हाई व्हय?" त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाकीडोळी बरी हाय. डोळं मातुर कळंनात."

"टपोरं हायती."

"कळंल की उठल्यावर."

थोड्या वेळानं कृष्णातनं जिभेनं टॉक टॉक केलं, घोड्याला करतात तसं. बिर्गिटनं वाटीवर चमचा वाजवला. विजयमालेनं भीत भीत तळव्याला एक बोट लावलं.

"उठवायचं न्हाई," साळूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण तिघंही हात मागं घेऊन बसली. "आपनहून उठू द्या."

"आई, बाराची गाडी हाय," कृष्णात म्हणाला. "ती चुकली तर पुन्याची टरेन चुकंल."

"बाराला बारा वाजू देत आधी."

मग सगळी बसून राहिली. खोलीत धुराचा वास अजून होता. खिडकीतून ऊन जमिनीवर आलं होतं आणि पाळण्याच्या दोऱ्यांची सावली त्यात अगदी हळू हलत होती. बाहेर पोरं कसलासा खेळ खेळत होती, त्यांचा आवाज जवळून येतोय की नदीच्या पलीकडून, तेही कळत नव्हतं. मनुकेचा श्वास ऐकता ऐकता माणसांचे श्वासही त्याच लयीला आले. बनुबाई चहा टाकायला उठल्या. शरयूताईंना कुणीतरी बाहेर बोलावलं. कृष्णात विडी ओढायला फाटकापाशी गेला. बिर्गिट भिंतीला टेकून गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली, ती पहाटेपासून एका तापकऱ्या पोराजवळ जागी होती. आणि साळूबाई, ज्या आयुष्यात कधी दिवसा झोपल्या नसतील, त्यांची मान छातीवर आली. पहाटे तीनला उठून भाकऱ्या बडवून त्या निघाल्या होत्या.

विजयमाला एकटी जागी राहिली. आणि मनुकेनं डोळे उघडले.

रडली नाही, हलली नाही. काळे, ओले, टपोरे डोळे सरळ विजयमालेवर येऊन थांबले. झोपेच्या कुठल्या तळातून ती वर आली होती कुणास ठाऊक, तिथलंच काहीतरी अजून तिच्या नजरेत होतं. विजयमालेनं श्वास रोखला. आपण हललो तर हे पाणी हिंदकळेल असं तिला वाटलं. पोर बघत राहिली, जणू कुठंतरी पाहिलेलं माणूस आठवतेय. मग पापण्या जड झाल्या, मिटल्या, आणि ती पुन्हा खाली गेली.

बनुबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कपाच्या आवाजानं साळूबाई जाग्या झाल्या. आधी त्यांनी पाळण्यात पाहिलं.

"उठली न्हाई न्हवं?"

विजयमालेनं पदर ओढला. नजर पाळण्यावरच ठेवली.

बारा वाजायला आले तेव्हा साळूबाई उठल्या. कमरेची गाठ सोडून त्यांनी चांदीचे दोन वाळे काढले, नवे, अजून सोनाराच्या कागदात गुंडाळलेले. मनुकेच्या पायात एक-एक करून घातले. बनुबाईंचा चेहरा उजळला, पण तेवढ्यापुरताच.

"बनुबाई, राग धरू नगा," साळूबाई म्हणाल्या. "मी न्हाई म्हनाय आले न्हवते. वाळं करून आनलं, बगा की. पर घरातनं निगताना जोतिबाला बोलले, पोरीनं आपनहून डोळं उगडून माज्याकडं बगितलं तर ती माझी. न्हाई बगितलं तर दुसऱ्याची. त्येनं दावलं. आता मी शब्द कसा मोडू?"

"आई, आसा कौल लावायचा तर मला इचारायचं तरी," कृष्णात म्हणाला.

"तुला काय इचारायचं? तू वर्सातनं दोनदा येनार. पोरीला वाडवनार मीच न्हवं?"

बनुबाईंनी वाळ्यांकडे बोट केलं. "मग ह्ये?"

"दिल्यालं परत न्यायचं नसतं," साळूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ते रडणं खरं होतं, म्हणून बनुबाईंना जास्त त्रास झाला.

फाटकापर्यंत पोचवायला शरयूताई गेल्या. विजयमाला सगळ्यांच्या मागून चालत होती. वळून पाहिलं नाही.

"देव झोपलेल्या मुलाला प्रश्न का विचारतो?" बिर्गिटनं विचारलं.

"देवानं कुटं इचारला? साळूबाईनं इचारला," बनुबाई म्हणाल्या. मग चहाचे कप गोळा करता करता, तिच्याकडे न बघता, "तू सांगत हुतीस. ऐकलं न्हाई मी."

बिर्गिटनं त्यांच्या हातातले कप घेतले.

मनुका दुपारी अडीचला उठली, सणसणीत भुकेली, आणि पायांतल्या वाळ्यांकडे बघून खिदळत सुटली.

*

पुढच्या दोन आठवड्यांत बनुबाई फारसं बोलल्या नाहीत, हात मात्र थांबला नाही. महिनाअखेरीला मिरजेहून रात्रीच्या गाडीनं बिर्गिट निघाली. पोरांनी तिची साडी धरून ठेवली होती, एका पोरानं तर पिनच काढून लपवली. बनुबाईंनी मनुकेला कुंची घातली, वर दुसरी घातली, त्यावर स्वेटर.

"मावशी, तिकडं घरात गरम असतं," बिर्गिट म्हणाली.

"आसंल. वाटंत काय?"

टांग्यात बसताना बिर्गिट रडू लागली. "मी पुन्हा येईन. पगार नको, तरी येईन."

"इतं पोरं कवाच सपत न्हाईत," बनुबाई म्हणाल्या. "ये तू." आणि मनुकेला तिच्या हातात देताना त्यांनी पोरीकडे पाहिलं नाही, बिर्गिटचं कोपर नीट वाकवून दिलं, डोक्याला आधार मिळेल असं.

*

चौथ्या दिवशी सकाळी विजयमाला आली. एकटीच. पायांवर धूळ होती आणि काखेत कपड्यांचं गाठोडं. बनुबाई नुकत्याच शेवटच्या पोराला न्हाऊ घालून चुलवणापाशी बसल्या होत्या.

"आत्या, मी पोरीला न्यायला आलीया," ती म्हणाली. "ह्यास्नी ठावं हाय. पलटनीवरनं सांगावा धाडला त्येंनी, जा म्हनून. सासूबाईंशी दोन दिस भांडले मी. तोंड वर करून भांडले. शेवटी म्हनल्या, आन जा, देवाचं माझं मी बघून घीन."

बनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. काय सांगायचं ते त्यांच्या तोंडावर आधीच होतं. विजयमालेनं आतल्या खोलीकडे पाहिलं. पाळण्यात दुसरंच पोर होतं, गोरं, मोठ्या डोक्याचं.

ती उंबऱ्यावर बसली.

"कवा गेली?"

"मंगळवारी. बिर्गी घिऊन गेली."

"आत्या, तिनं माझ्याकडं बगितलंतं," विजयमाला म्हणाली. "त्या दिशी. तुमी च्या टाकाय गेला हुता. सासूबाईंचा डोळा लागला हुता. लय येळ बगितलं."

"मग बोलली का न्हाईस, बाई?"

"काय बोलू? त्या म्हनल्या आसत्या, तुझ्याकडं बगितलं, माझ्याकडं न्हाई. कौल माझा कुटं हुता?" तिनं गाठोड्याची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. आत नवं झबलं होतं, दुपटं होतं. "आन खरं सांगू? मला वाटलं, न बोलता ऱ्हावं. येवडं तरी माझ्याकडं ऱ्हाईल. घरी गेल्यावर कळलं, तेवड्यानं भागत न्हाई."

बनुबाई उठल्या. चुलवणात दोन लाकडं सारली, हंड्यात पाणी भरलं. मोरीचं दार लावून घेतलं आणि कोपऱ्यातला पाट पुढं ओढला.

"बस," त्या म्हणाल्या. "लुगडं सोड."

"आत्या, मी न्हाऊन आलीया."

"बस म्हनलं न्हवं."

त्यांनी तेल कोमट केलं. विजयमालेच्या माथ्यावर थापलं, मग मान, खांदे, पाठ. कमरेपाशी दोन्ही अंगठे रोवून त्यांनी जोर लावला, नऊ महिने ओझं वाहिलेल्या कमरेला लावतात तसा. पोटाला खालून वर हात दिला, हळूच. छातीला तेल लावताना विजयमालेनं डोळे मिटले. त्यावर हळद आणि डाळीचं पीठ. मग कढत पाणी, सोसेल तितकं आणि मग त्याहून थोडं जास्त, तांब्यामागून तांब्या. वाफेत दोघी एकमेकींना नीट दिसत नव्हत्या. विजयमालेचे खांदे हलत होते, पण पाण्याचा आवाज मोठा होता.

अंग पुसून बनुबाईंनी जुन्या लुगड्याचा लांब पट्टा काढला आणि तिचं पोट घट्ट बांधलं. कानांवरून रुमाल बांधला. शेगडी खाटेखाली सारून तिला आतल्या खोलीत निजवलं, वर घोंगडी घातली.

शरयूताई व्हरांड्यातून आल्या. लोटलेलं दार आणि फटीतून येणारा शेगडीचा धूर पाहून थांबल्या.

"आत कोण आहे, बनुबाई?"

"बाळंतीन हाय," बनुबाई म्हणाल्या. "झोप लागलीया आताच."

शरयूताईंनी उंबऱ्याजवळचं गाठोडं पाहिलं, त्यातून डोकावणारं झबलं पाहिलं. त्या अंगणात उतरल्या आणि पोरांना हाताला धरून मागच्या बाजूला खेळायला घेऊन गेल्या.