मनकर्णेचा हात

गर्भगिरीच्या उतारावरचं आमचं गाव म्हणजे तीन आळ्या, एक बाजारपट्टी आणि पाथर्डीहून आली तर आली अशी एक एस.टी. तरी होळी करावी तर आम्हीच, असा आमचा तोरा. नाथांच्या देवळापुढच्या खडकावर ती दिवेलागणीला पेटते आणि प्रत्येक घराने पाच गोवऱ्या वर चढवून न्यायच्या असतात, त्याही घरच्या बाईच्या हातच्या, थापताना उमटलेली बोटं स्पष्ट दिसतील अशा. ज्या घरची बाई त्या वर्षात गेली असेल, त्या घराने मात्र तिने थापलेली एकूण एक गोवरी होळीला द्यायची. याला आमच्याकडे हात सोडवणं म्हणतात. एक जरी गोवरी मागे राहिली, तर बाईचा हात कामातून सुटत नाही.

सहादेवची मनकर्णा बहात्तरच्या माघात तापाने गेली. ऊसतोडीत कोयत्याने तिची उजवी करंगळी अर्धी गेली होती, त्यामुळे तिची गोवरी गावात कुणीही ओळखायचं. होळीला चढताना ती पुढे असे, पण उतरताना अंधुक उजेडात तिला धड दिसत नसे, म्हणून सहादेवच्या पाठीवर तळवा टेकून मागून यायची. "म्हातारी झालीस व्हय गं?" असं तो चिडवायचा आणि मुद्दाम सावकाश उतरायचा.

त्या होळीला त्याने तिच्या साऱ्या गोवऱ्या तीन खेपांत वर नेल्या, एक मात्र कोनाड्यात ठेवून घेतली. बायकोचा एवढासा हात घरात राहिला तर कुणाचं काय बिघडतंय? मीही तेच केलं असतं. रोज निजण्याआधी तो त्या गोवरीवर आपला पंजा टेकवायचा आणि मग त्याला झोप लागायची.

त्या वर्षी पावसाने पाठच फिरवली. भादव्यात सहादेवने दोन्ही बैल नगरच्या बाजारात विकले, गोठा रिकामा झाला, गावात शेणाचा पो दिसेना. आणि दिवाळीनंतर एका सकाळी परसातल्या भिंतीवर एक ओली गोवरी थापलेली होती. चार बोटं पूर्ण आणि करंगळी अर्धी.

सहादेव घाबरला नाही. त्याला आनंद झाला, इतका की तो भिंतीशी बसून ढसाढसा रडला.

मग आठ-पंधरा दिवसांनी एकेक नवी गोवरी दिसू लागली. शेजारच्या कडूबाईने त्या पाहिल्या, पण ती बरेच दिवस काही बोलली नाही. संक्रांतीच्या सुमारास मात्र तिने एक गोवरी मोडून पाहिली. आत उसाच्या वाढ्याचे, शेंड्याकडच्या पाल्याचे, तुकडे होते.

"हे दुष्काळी छावणीतल्या जनावरांचं श्यान हाय, भावजी, तिथंच वाढं घालत्यात," ती म्हणाली. "छावणी चार कोसावर. तिथनं आनती ती."

नव्या ठशांमधली बोटं काटकुळी झाली होती, तळव्याला भेगा पडल्या होत्या, हे सहादेवलाही दिसत होतं. त्याने ते पाहायचं टाळलं होतं, एवढंच.

"जित्तेपनी बसली न्हाई कदी," कडूबाई म्हणाली. "आता तरी बसू द्या तिला."

त्र्याहत्तरच्या होळीला सहादेवने भिंत खरवडून काढली, कोनाडा रिकामा केला आणि सगळ्या गोवऱ्या वर नेल्या. जुनी गोवरी त्याने सर्वांत शेवटी आगीत ठेवली. तिची बोटं एकेक करून लाल झाली, मग पांढरी झाली आणि ढासळली. त्याने हात जोडले. "जा आता," एवढंच तो म्हणाला, आणि आपण हे मनापासून म्हणत नाही आहोत हे त्याला कळत होतं.

दिवस मावळला होता. खालच्या वाटेला लागताना कडूबाई त्याच्या मागे चार पावलांवर होती. पहिल्या वळणावर ती थबकली.

"भावजी, सदऱ्याला मागनं श्यान लागलंय. वलं हाय."

सहादेवने वळून पाहिलं नाही. किती बोटं आहेत, हेही विचारलं नाही.

"तुमी व्हा म्होरं, वैनी," तो म्हणाला.

कडूबाई बाजूने पुढे गेली. उतार तीव्र होता आणि दिसेनासं झालं होतं. सहादेव मुद्दाम सावकाश उतरू लागला.