वेगळी चूल

म्हाताऱ्याने मागच्या पडवीतल्या चुलीत आणखी दोन काटक्या सारल्या, उठून दाराशी जाऊन आला आणि पुन्हा काटक्या सारल्या. चुलीची माती अजून ओली होती.

"बाबा, बसा ना एका जागी," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे बघूनच कारकुनाला संशय यायचा."

डोंगर सगळ्या गावाचा, म्हणून त्यातल्या खाणीत दर चुलीमागे एकाला नोकरी, असं ठरलं होतं. तेव्हापासून गावात भराभर चुली वाढल्या. स्वयंपाक मात्र होता तेवढाच. या घराची नोकरी मोठ्या मुलाला मिळाली होती. दुसरी चूल दाखवली, तर मुलीलाही खाणीच्या वजनकाट्यावर कामाला घेणार होते. बेत सुनेचा. मातीही तिनेच मळली होती.

"सासूबाई असत्या, तर चुलीसकट मलाही बाहेर काढलं असतं," ती हसत म्हणाली होती.

खरंच होतं ते. घरात दोन चुली नकोत, एवढा एकच हट्ट म्हाताऱ्याच्या बायकोने जन्मभर धरला होता.

खाणीचा कारकून आला. त्याने चुलीच्या मातीला हात लावून पाहिला.

"वेगळे कधी झालात, काका?"

"बायको गेली तेव्हा."

"आणि तेव्हाची चूल अजून ओलीच?"

म्हाताऱ्याने आणखी एक काटकी सारली.

"रोज अशाच चुली बघतोय मी. वेगळं व्हायला काय झालं ते सांगा, नाहीतर निघतो."

मुलीने मान खाली घातली. म्हाताऱ्याने हाताची राख पंच्याला पुसली.

"ती होती तोवर जेवायला माझ्यासाठी कुणीतरी थांबायचं," तो म्हणाला. "आता ताट झाकून ठेवतात. मी जेवलो काय, न जेवलो काय, ताट घासायला पडलं की झालं."

कारकुनाने पुढे काही विचारलं नाही. मुलीचं नाव लिहून घेतलं आणि गेला.

मुलगी धावतच भावाला सांगायला गेली. सून चहाचा पेला घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते म्हाताऱ्याला कळलं नाही.

"अगं, त्याच्यापुरतं बोललो मी ते. काहीतरी सांगायला हवं होतं ना."

"हो, कळलं मला, मामंजी."

तिने पेला त्याच्यापुढे ठेवला. तो उचलेपर्यंत ती तिथेच थांबली.

"पण एवढ्या पटकन सुचलं कसं?"