पांढऱ्यात पांढरं

"याच्यात दूध नाही ना हो काका?"

"ताई, हे मीठ आहे."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फस्सकन हसली. मीही हसले, पण पुडी उजेडाकडे धरून पाहिलीच. इलाज नव्हता. गेले तीन आठवडे मला सगळीकडे दूधच दिसत होतं. बिस्किटात दूध, पावात दूध, सुपाच्या पाकिटात दूध. बटाट्याच्या वेफर्समध्ये दुधाचं काय काम, ते त्या करणाऱ्यालाच ठाऊक! अक्षरं इतकी बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. एका खांद्यावर लेक, दुसऱ्या हातात पाकीट, अशी मी दुकानादुकानांत परीक्षेला बसल्यासारखी वाचत उभी असायची.

लेकीला आम्ही मुठू म्हणतो. जन्मली ती दोन्ही मुठी आवळून, म्हणून तिच्या बाबानं ठेवलेलं नाव. ती दोन महिन्यांची होत आली तेव्हा एका सकाळी तिच्या लंगोटात शीबरोबर रक्ताची बारीक रेघ दिसली. दोऱ्याएवढीच. पण तेवढ्यानं आम्ही तिला उचलून तसेच दवाखान्यात धावलो.

"घाबरू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तू खातेस त्यातलं काहीतरी तिला सोसत नाहीये. बहुतेक गाईचं दूध."

"पण ती माझ्या दुधाशिवाय कशाला तोंडच लावत नाही."

"तेच म्हणतेय मी. तुझ्या ताटातलं थोडं तिच्यापर्यंत पोचतं. दूध, दही, लोणी, दुधाचं जे जे असेल ते सगळं बंद. सोयाबीनही नको. चार आठवडे बघू. रेघ थांबली तर पाजत राहा. नाही थांबली तर अंगावरचं सोडून डब्याचं खास दूध द्यावं लागेल."

डब्याचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. येताना औषधाच्या दुकानात किंमत विचारली. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "महिन्याची ना?" दुकानदार म्हणाला, "एका डब्याची. चार-पाच दिवस पुरेल." नवरा टायरच्या दुकानात कामाला आहे आणि माझी रजा बिनपगारी. घरी येईपर्यंत दोघंही हवापाण्याचं बोलत राहिलो.

पण खरं सांगायचं तर मला डब्याच्या किमतीची जेवढी धास्ती होती, त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीची होती. मला तिला पाजणं सोडायचं नव्हतं. पाजताना ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघते, जणू मी उठून जाईन की काय असा तिला संशय आहे. दिवसभराच्या रामरगाड्यात तेवढाच वेळ आम्ही दोघी कोणाच्याही नसायचो.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांना हे काही केल्या पटेना. "बाई दूध प्यायली नाही तर तिला दूध उतरेल कुठून?"

"आई, गाय कुठं दूध पिते? गवत खाते," नवरा म्हणाला.

"मग घाल हिला गवत!" असं म्हणून त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. पण दुसऱ्या दिवशी चहाचे कप आले ते दोन्ही बिनदुधाचे. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाल्या, "एका घरात दोन-दोन चहा कोण करत बसणार!" चाळीस वर्षं सायीचा चहा प्यालेली बाई. पहिला घोट घेताना त्यांचं तोंड असं काही झालं, की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मोठ्या दुकानात 'दूधविरहित' वस्तूंची एक वेगळी फळी असते. तिथल्या किमती बघून हात आपोआप मागे यायचा. मग मी माझी युक्ती काढली. पाकीटबंद काही घ्यायचंच नाही. भाजीबाजारात दुपारी, बाजार उठायच्या वेळेला जायचं. लाल भोपळ्याच्या उरलेल्या फोडी, साल काळी पडलेली केळी, किंचित मान टाकलेल्या पालेभाजीच्या जुड्या. पालेभाजीवाली तर मला बघितलं की ओरडायची, "या बाळंतीणबाई, तुमचीच वाट बघतेय ही भाजी, आमच्याशी बोलतही नाही!" आणि एक जुडी वर टाकायची. बाकी तांदूळ, डाळ, शेंगदाणे, तीळ, तांदळाचं पीठ हे सगळं सुट्टं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून. मंगळवारी तिथं नवा माल यायचा आणि सुट्टं थोडं स्वस्त मिळायचं. सुट्ट्या मालावर अक्षरंच नसतात, तेव्हा त्यात लपवालपवीही नसणार, असा माझा हिशेब. मला त्या हिशेबाचा चांगलाच अभिमान वाटत होता.

त्या दुकानात पुड्या बांधायचं काम पुडीकाकांचं. मालक गल्ल्यावर, आणि काका आत, डब्यांच्या आणि पोत्यांच्या मधोमध एका बुटक्या स्टुलावर. एकतीस वर्षं. साठीचे असतील. हाताची बोटं लांब, नखं कापलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. डब्यात दांड्याचं पत्र्याचं मापटं घालायचे, तराजूत ओतायचे, आणि दुसऱ्या डब्याकडे वळण्याआधी मापटं डब्याच्या काठावर दोनदा ठोकायचे. टक् टक्. त्या ठोकण्याचा त्यांना फार तोरा. "माझ्या हातून तांदळात डाळीचा दाणा गेला नाही आजवर," असं ते नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायचे. मालक मागून म्हणायचे, "झालं पुराण सुरू!"

माझ्या प्रश्नांना ते कधी वैतागले नाहीत. मिठाचा किस्सा मात्र दुकानात गाजला. पुढच्या वेळी मी गेले तर साखर देताना काकांनी आपणहून सांगितलं, "विचारलंय मी तिला. नाही म्हणते."

सव्विसाव्या दिवशी पुन्हा रेघ दिसली.

मधे तीन-चार दिवस काहीच नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते. त्या सकाळी लंगोट हातात धरून कितीतरी वेळ न्हाणीघरात उभी राहिले. सासूबाई दाराशी आल्या, बघितलं आणि माझ्या हातातून तो काढून घेतला. परवा डॉक्टरांकडे जायचं होतं. आता काय होणार ते ठरल्यातच जमा होतं. मला राहून राहून वाटत होतं, माझ्या दुधातच खोट आहे. बाकीच्या बायका वाटेल ते खातात, पोरं गुटगुटीत असतात. मीच कुठंतरी कमी.

मंगळवार होता. पीठ संपलं होतं, म्हणून गेले.

"काय ताई, आज मिठाची चौकशीसुद्धा नाही?" काका म्हणाले. ते दुधाच्या पावडरीच्या पुड्या बांधत होते. आसपासच्या चहाच्या टपऱ्यांना मंगळवारी पावडर जायची. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुडी खाली ठेवली. "काय झालं?"

मी सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला, तशी गल्ल्यावरच्या मालकांनीही मान वर केली.

"डब्याचं दूध म्हणजे वाईट असतं का?" काकांनी विचारलं.

"वाईट नाही हो. कितीतरी पोरं वाढतात त्यावर. पण मला हिला पाजायचंय. आणि मी सगळं सोडलंय काका. सगळं."

"मग खाता तरी काय? सांगा बघू."

शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. भात, मसूर, भोपळा, पाला, केळी, दाणे. "आणि दोन्ही वेळा तांदळाचं पीठ. पाण्यात कालवायचं आणि तव्यावर पसरायचं. तेवढंच पोटाला आधार."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"आणि पीठ न्यायचं ते मंगळवारी."

"मंगळवारी."

काकांनी पिठाच्या डब्यात घालायला उचललेलं मापटं तसंच हवेत राहिलं. ते त्या मापट्याकडे बघत होते. मग त्यांनी ते पुन्हा दुधाच्या पावडरीत घातलं, एक पुडी भरली, काठावर ठोकलं. टक् टक्. रिकामं मापटं माझ्यासमोर धरलं.

"स्वच्छ दिसतंय?"

"दिसतंय."

मालकांच्या थर्मासमध्ये गरम पाणी असायचं. काकांनी ते मापट्यात ओतलं, गोल फिरवलं आणि काचेच्या पेल्यात रिकामं केलं. पाणी पांढरंफेक झालं. एका कपाचा चहा होईल इतकं.

"काका, गिऱ्हाइकांसमोर ही काय प्रयोगशाळा मांडलीय?" मालक म्हणाले.

मापट्याचा काठ आत दुमडलेला होता, तिथं काकांनी नख फिरवलं. नखात पावडर. मग त्यांनी वर पाहिलं. पावडरीचं पोतं वरच्या फळीवर, तिथंच ते दर मंगळवारी फोडायचे, आणि बरोबर खाली तांदळाच्या पिठाचा उघडा डबा. ते हळूहळू स्टुलावर बसले.

"डाळीत खडा गेला तर दिसतो," ते म्हणाले. "पांढऱ्यात पांढरं कुठं दिसतंय! ताई, इतके दिवस तुमच्या पोरीला मीच दूध पाजत होतो की."

राग यायला हवा होता. सव्वीस दिवस मी भुकेली, चिडचिडी, नवऱ्यावर डाफरत, सासूच्या तोंडचा चहा काढून घेऊन जगले होते. पण मला एवढंच ऐकू आलं, की खोट पिठात होती. माझ्यात नव्हती. मी तिथंच, तांदळाच्या पोत्याला धरून, हसत हसत रडायला लागले. खांद्यावरची मुठू दचकून जागी झाली. मालकांनी घाईघाईनं माझ्यापुढे पाणी ठेवलं, आणि ते पाणी त्याच पेल्यातलं नाही ना, हे मी बघितलं. सवय!

घरी येताना लक्षात आलं, की काका गप्प राहू शकले असते. कोणाला कळणार होतं? मी डब्याचं दूध सुरू केलं असतं, रेघ थांबली असती, आणि त्यांच्या मापट्याचा तोरा तसाच राहिला असता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून पेन खाली ठेवलं. "त्यांनी स्वतःहून सांगितलं?"

"हो."

"मग तीन आठवडे आणखी देते. पीठ तेवढं बदल."

पीठ काकांनीच बदललं. दुकान उघडलं की पहिली पुडी माझी. नवं मापटं, उकळत्या पाण्यात घालून फडक्यानं कोरडं केलेलं, आणि नव्या पोत्यातलं पीठ. पावडरीची सगळी कामं त्यांनी मागच्या खोलीत नेली आणि दिवसाच्या शेवटी ठेवली. पुडीवर पेन्सिलीनं फक्त 'पोर' असं लिहायचे.

सासूबाई रोज लंगोट खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजायच्या, "आजही नाही." मोठ्यानं बोललं तर रेघ ऐकेल आणि परत येईल, अशा धाकानं. नव्या पिठाच्या नवव्या दिवसापासून रेघ दिसली नाही ती नाहीच. तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाजत राहा. तुझी पथ्यं चालूच ठेव, ती मोठी झाली की पुन्हा दूध घालून बघू."

दवाखान्याच्या पायरीवरूनच नवऱ्याला फोन केला. त्याच्यामागे टायर काढायचं यंत्र घरघरत होतं.

"ऐकू आलं का रे?"

"आलं. पुन्हा सांग."

तिथून तडक दुकान गाठलं. एक आजी माझ्यापुढे उभ्या होत्या. त्यांना तांदळाचं पीठ हवं होतं.

"देतो आजी, पण आधी एक सांगतो," काका म्हणाले. "इथं दुधाची पावडरही विकतो आम्ही. आता वेगळी ठेवतो, तरी पिठात एखादा कण गेलेला असू शकतो. घरात कोणाला दूध सोसत नसेल तर—"

"मग दुधाचे पैसे वेगळे लावणार का?" आजी म्हणाल्या.

मालकांनी कपाळावर हात मारला. "बघितलंत? प्रत्येकाला सांगतात. आणि आधीचं ते डबाभर पीठ, ते पैसे देऊन घरी घेऊन गेले. तीन आठवडे झाले, नवरा-बायको तेच खातायत."

"आम्हाला काय होतंय," काका म्हणाले आणि आजींचं पीठ तोलू लागले.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुठूनं तिचं उघडलं. भुकेची वेळ झाली होती आणि ती घरापर्यंतही थांबणार नव्हती. मी दाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. आजींची पुडी देऊन काका उठले. पोत्यांच्या मागे एक रिकामा खोका होता, तो फडक्यानं पुसला, आडव्या पोत्याच्या आडोशाला सरकवला. मग आपलं स्टूल उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मी खोक्यावर बसले. पदर ओढून घेतला. ती लागली आणि दुकान एकदम शांत झालं.

"काका," मी म्हणाले, "डॉक्टरांनी पाजायला सांगितलंय. डबा नको म्हणाल्या."

काकांनी दुमडलेली बाही उगाच आणखी एकदा दुमडली.

"असं का," ते भिंतीला म्हणाले. "बरं झालं."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "काका, किलोभर तांदळाचं पीठ!"

काकांनी मान वळवली नाही. भिंतीकडे बघतच, जरा मोठ्यानं म्हणाले, "देतो. दोन मिनिटं थांबा, पोर जेवतेय."