पडवीतला कॅमेरा

दुकानदार जितेंद्रनं काचेवर दोन मेमरी कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांतलं एक नखानं पुढे सरकवलं.

"बाई, फोटो काढूचे आसत की व्हिडिओ?"

"व्हिडिओ," दुर्गा म्हणाली. "दुपारभर चालू रव्हाक व्हयो. मधेच तुटाक नये."

"मगे ह्यां मोठां घेवा. स्वस्तातलां स्लो असता, मधेच थांबता. पाखरांचा शूटिंग करतास?"

दुर्गानं नुसतीच मान हलवली. कॅमेरा धाकट्या भावानं, सुदेशनं मुंबईहून पाठवला होता. डॉक्टरांना दाखवायला पुरावा हवा, असं त्याचं म्हणणं. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही हे एकदा नक्की झालं, की तो त्यांना डोंबिवलीच्या फ्लॅटवर नेणार होता. तिनं मोठं कार्ड घेतलं आणि मालवणच्या स्टँडवर येऊन मिठबावकडे जाणाऱ्या एसटीत बसली.

बाबांना वेड लागलंय असं तिला वाटत नव्हतं. सकाळी ते पेपर वाचत, माडाच्या झावळांच्या पात्यांमधले काड्यांसारखे हीर काढून खराटे बांधत, तिच्या डब्यात लोणचं आहे की नाही हेही बघत. फक्त संध्याकाळी ती शाळेतून आली, की शेजारी येऊन गेल्यासारखं सहज सांगत, "आज हरिश्चंद्र इल्लो."

हरिश्चंद्र तोंडवलीचा. बाबा मालवाहू बोटीवर होते तेव्हा इंजिनरूममध्ये त्यांच्या जोडीला होता. भर समुद्रात एका सकाळी तो बोटीवर सापडला नाही. चहाचा मग डेकवर होता, चपला होत्या, माणूस नव्हता. दुर्गा तेव्हा शाळेतही जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं पडवीच्या खिडकीत कॅमेरा ठेवला आणि चार्जर लावून दिला. बाबांपासून लपवलं नाही. "तुमचां खराटे बांधतानाचां शूटिंग करतंय," म्हणाली. बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहून शर्टाचं वरचं बटण लावलं.

त्या संध्याकाळी कार्ड काढून तिनं पर्समध्ये टाकलं. घरात बघायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत कोणी नसताना, तिनं ते शाळेच्या लॅपटॉपला लावलं.

बाबा हीर काढत होते. समोरची खुर्ची रिकामी. कोंबड्या खळ्यातून इकडून तिकडे जात होत्या. तिनं चित्र पुढे पळवलं, आणि एकदम थांबवून मागे घेतलं. बाबांनी सुरी बाजूला ठेवली होती. ते खुर्चीकडे बघून हसत होते, जुन्या माणसाला बघून हसावं तसे. बोलत, थांबत, ऐकत. ऐकताना त्यांची मान डोलत होती. शेजाऱ्यांचं कुत्रं रोजच्यासारखं खुर्चीखाली झोपायला आलं, पायरीवरच थबकलं आणि उलट्या पावलांनी खाली उतरलं.

तिनं आवाज वाढवला.

"उद्या?" बाबा म्हणत होते. "उद्या नको रे. माझ्या चेडवाची शाळा आसा."

मग बराच वेळ नुसती समुद्राची गाज.

"रविवारी ये. रविवारी ती घराकडे असता. ती घरात असली काय मी येतंय तुझ्यावांगडा, दोघांनी जावया. मी तिच्या पाठीमागे जावन बसलंय, तर तिका आयुष्यभर लागून रव्हात."

बाबांनी सुरी उचलली आणि पुन्हा हीर काढायला लागले. घंटा झाली. पोरं वर्गाकडे पळाली. दुर्गाचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला.

त्या रात्री सुदेशचा फोन आला.

"ताई, काय दिसलं?"

"बाबा एकटेच बोलतात," ती म्हणाली.

"मग तिकीट काढू?"

"रविवार जाऊ दे."

का, ते तिनं सांगितलं नाही. कॅमेराही पुन्हा लावला नाही.

शनिवारी जेवताना तिनं बाबांना सांगितलं, "उद्या माझी शाळा आसा. जादा तास घेवचे आसत."

बाबांचा घास हातातच राहिला. "रविवारी?"

"व्हय."

"बरां," ते म्हणाले, आणि पानातला भात चिवडत राहिले.

रविवारी ती शाळेची साडी नेसली, पर्स घेतली, डबा घेतला आणि शाळेकडे न वळता किनाऱ्यावर गेली. गावापासून लांब, सुरूच्या बनात बसली. ओहोटी होती. एक माणूस नाही, एक होडी नाही. आपण घरात नाही तोवर बाबांना काही होणार नाही, हे तिनं मनाशी इतक्यांदा घोकलं, की शेवटी त्या शब्दांना काही अर्थच उरला नाही. डबा उघडावासा वाटला नाही. एकदा मानेवर गार वारं लागल्यासारखं झालं म्हणून तिनं वळून पाहिलं. मागे झाडं होती, आणि झाडांमधून दिसणारी ओली वाळू.

उन्हं कलल्यावर ती घरी आली. खळ्यातूनच पायांनी घाई केली. बाबा पडवीत होते. चष्मा पुशीत होते. तिनं पायरीवर टेकून श्वास घेतला आणि निऱ्यांना लागलेली वाळू हळूच झटकली.

"चाय करू?"

"कर मगे. दमलंस." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हरिश्चंद्र इल्लो. मी तेका म्हटलंय, आज जमाचां नाय, चेडू शाळेत गेलाहा."

दुर्गानं पर्स मांडीवर ओढली.

"तो म्हणालो, शाळेक कुलूप आसा. ती सुरूच्या बनात बसलीहा. सकाळपासून उपाशी आसा."

पर्समधला डबा तिच्या मांडीवर जड लागत होता.

"तेका राग नाय हां इल्लो," बाबा म्हणाले. "मीच म्हटलंय, बसांदे तिका. मगे बघूया."

समोरच्या घरात कोणीतरी देवाजवळ दिवा लावला. दुर्गानं पदरानं तोंड पुसलं. एवढ्या दिवसांत जे कधी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"परत कधी येतलो तो?"

बाबांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं.

"तुका सुट्टी कधी आसा, ता सांग."