माल उतरव, खवागा

पोर्ट सईदला आमच्या इमारतीत, माझ्या समोरच्या दारात एहाबची आई राहते. इन्साफ तिचं नाव, पण जिन्यात सगळे तिला उम्म एहाब म्हणूनच हाक मारतात. तिचा नवरा सुब्ही कालव्यात थांबणाऱ्या जहाजांना होडीतून चामड्याच्या पिशव्या आणि लाकडी उंट विकायचा. एकदा एका ग्रीक जहाजावरच्या आचाऱ्याने पिशव्यांच्या बदल्यात त्याला एक पोपट दिला. राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा. परक्या मुलखातला म्हणून सुब्हीने त्याचं नाव ठेवलं खवागा, म्हणजे परदेशी साहेब. एहाब तेव्हा रांगत होता. दोघं बरोबरच मोठे झाले, आणि दोघांत खवागा जास्त ऐकतो असं उम्म एहाब मुलाच्यादेखत सांगायची.

सुब्ही वारला तेव्हापासून तर पिंजऱ्याचं दार लागलंच नाही. खवागा कपाटावर, दाराच्या चौकटीवर, तिच्या खांद्यावर बसायचा, बसेल तिथे शिटायचा, आणि ती ओल्या फडक्याने पुसून पुढच्या कामाला लागायची. घरात दुसरं कोणी हरकत घेणारं नव्हतं.

मग एहाबचं लग्न झालं आणि रिहाम घरात आली. मुलगी वाईट नव्हती, नीटनेटकी होती. माहेरच्यांनी दुमियातच्या सुतारांकडून तिच्यासाठी सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या करवून घेतल्या होत्या. त्यांच्यावर कायम पांढऱ्या चादरी असायच्या, पाहुणे आले की तेवढ्यापुरत्या निघायच्या. पहिल्या ईदला तिची मामी आली, चादरी निघाल्या, आणि खवागा खुर्चीच्या पाठीवर बसून मामीच्या नव्या कोटावर शिटला. मामी हसली, पण पुन्हा आली नाही.

त्या संध्याकाळी समोरच्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, एक तर तो बाल्कनीत राहील, नाहीतर मी."

"तुला बाल्कनीत थंडी वाजेल, पोरी," उम्म एहाब म्हणाली.

एहाब गोदीत कामाला होता. बायको आणि आई बोलायला लागल्या की त्याला कामाची पाळी आठवायची. तो जिना उतरून गेला. उशिरा कधीतरी सासूच नमली. सुब्हीने खवागाला बोलायला शिकवलं, मी त्याला संडासात जायला शिकवते, थोडा अवधी दे, असं ती म्हणाली. रिहामला ते खरं वाटलं नाही, पण तिने होकार दिला.

मी रोज सकाळी कॉफीला जायची, त्यामुळे ते शिक्षण मी डोळ्यांनी पाहिलं. उम्म एहाबने आधी नुसतं निरखलं. शिटण्याआधी खवागा दोन पावलं मागे सरायचा, अंग फुगवायचा, शेपटी उचलायचा. तेवढं दिसलं की ती त्याला हातावर घेऊन धावत न्हाणीघरात जायची, कमोडवर धरायची आणि म्हणायची, "यल्ला," म्हणजे चल, आटप. काम झालं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळायचा. खवागा आठवड्याभरातच शिकला. घोटाळा असा झाला की आमच्याकडे यल्ला कोण म्हणत नाही? एहाब निघताना म्हणायचा, रिहाम फोन ठेवताना म्हणायची, खालचा भाजीवाला गाडी ढकलताना म्हणायचा, आणि प्रत्येक यल्लाला खवागा इमानेइतबारे शिटायचा. आम्ही हसून हसून दमलो. रिहामसुद्धा हसली, चादर धुता धुता.

मग उम्म एहाबने शब्द बदलला. सुब्ही होडीतून ओरडायचा तसं, सूर लांबवून, शेवटी आवाज खाली आणून, "माल उतरव, खवागा." हे बाकी कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे ते बसलं. घर स्वच्छ झालं. खवागा दोन दोन तास, पुढे पुढे अर्धा अर्धा दिवस धरून ठेवायला लागला, रात्री पिंजऱ्यातही घाण करेना. सकाळी ती उठून त्याला नेईपर्यंत कडेवरच्या मुलासारखा तिच्याकडे बघत राहायचा. शेजारणी बघायला यायच्या. "तुमच्या नवऱ्यांपेक्षा याचा नेम बरा आहे," ती त्यांना सांगायची.

मी एकदा तिला सुचवलं की सुनेलाही हे शिकव, दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानेही त्याने करायला हवं. तिने मला कॉफी ओतली आणि विचारलं, "मी कुठे चालले आहे?"

हिवाळ्यात एका दुपारी ती स्वयंपाकघरात बोय मासळी साफ करत होती. रिहामला भांडं पडल्याचा आवाज आला. ती गेली तर सासू जमिनीवर, तोंड वाकडं, नळ तसाच वाहतोय. इस्पितळात सांगितलं की मेंदूला झटका आहे, उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे, परत येईल की नाही सांगता येत नाही.

ती इस्पितळात असताना खवागाचं सगळं रिहामवर आलं. ती त्याला कमोडवर धरायची आणि तेच शब्द म्हणायची. तो मान वाकडी करून तिच्याकडे बघायचा. तिने सासूसारखा सूर लावून पाहिला, अंडं दाखवलं. एहाबनेही बापासारखा आवाज काढून पाहिला. पिंजऱ्यात रात्रीतून थोडंसं काहीतरी पडलेलं असायचं, तेही कुंथून. खाणं त्याने जवळजवळ सोडलं.

एका सकाळी रिहाम माझ्या दारात आली, चेहरा पांढराफटक.

"मावशी, आई घरात बोलल्या."

मी तिच्याबरोबर गेले. घरात कोणी नव्हतं. खवागा पिंजऱ्याच्या दांडीवर बसला होता. थोड्या वेळाने तो उम्म एहाबच्या आवाजात म्हणाला, "माल उतरव, खवागा." तोच सूर, शेवटी तोच खाली आलेला आवाज. म्हणून झाल्यावर तो दाराकडे बघत राहिला. त्याला ते स्वतःला सांगता येत नव्हतं. तो तिला हाक मारत होता.

रिहामने ते फोनवर घेतलं आणि त्याला ऐकवलं. खवागा फोनशी बोलायला लागला, एकेक वाक्य परत करत राहिला, पण शेपटी उचलली नाही. एहाबने आईचे जुने आवाजी निरोप शोधले. येताना पाव आण, मोलोखियाची भाजी आण, औषध संपलंय. असे निरोप खूप होते, पण हे वाक्य कशाला कोण फोनवर पाठवेल?

उम्म एहाबला घरी आणलं त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना वाटलं की आता खवागाची अडचण सुटेल. तिला उशांना टेकवून बसवलं. खवागा उडाला नाही, चालत चालत पलंगावरून तिच्या छातीपर्यंत गेला आणि तोंडासमोर उभा राहिला. मागे सरला, अंग फुगवलं, थांबला. तिला कळलं. इतका वेळ मेलेल्या वाटणाऱ्या चेहऱ्यात मला तिचे डोळे एकदम जिवंत दिसले. तिने ओठ जुळवले. "मा," ती म्हणाली. "मा... मा..." लाळ हनुवटीवर आली. डाव्या हाताने तिने चादर घट्ट धरली आणि पुन्हा तेच केलं, पुन्हा, पुन्हा. मग खवागाने तिला मदत केल्यासारखं तिच्याच आवाजात पूर्ण वाक्य म्हटलं.

तिने डोळे मिटले. एहाब खोलीबाहेर गेला.

मांजरं आणि मेंढ्या बघणारा एक जनावरांचा डॉक्टर फेरीबोटीने कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला होता. तोपर्यंत खवागाच्या शेपटीखाली लाल मांस बाहेर आलं होतं. रिहामने त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं, मी सोबत गेले. डॉक्टरने ते आत सारून टाके घातले. एवढं धरून ठेवायला याला कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं. रिहाम म्हणाली, "माझ्या खुर्च्यांनी." डॉक्टरला काही समजलं नाही. त्याने सांगितलं की आता कोणी काही बोलू नका, कागद अंथरा, जिथे होईल तिथे होऊ द्या.

बोटीत ती सगळा वेळ टॉवेल छातीशी धरून उभी होती. घरी येऊन तिने चादरी काढून फेकल्या आणि खवागाला थेट सोनेरी खुर्चीवर बसवलं. "कर," ती म्हणाली. "कर बाबा इथे, मी पुसेन." तो बसला, मग उतरला आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

टाके टिकले नाहीत. पुन्हा नेलं, पुन्हा घातले. तिसऱ्या वेळी डॉक्टरने नुसतं पाहिलं आणि घरी न्यायला सांगितलं. शेवटी खवागाने उम्म एहाबच्या डाव्या हाताखाली प्राण सोडला, जेवणानंतरची वेळ होती, ती त्याच्या डोक्यावर बोट फिरवत होती. तिचं बोट तो गेल्यावरही बराच वेळ फिरत होतं. रिहामने ते थांबवलं नाही.

एहाबने त्याला मन्झाला तलावाच्या बाजूला पुरलं. पिंजरा भंगारवाल्याने नेला. रिहामने खुर्च्याही विकायला काढल्या होत्या, पण एहाब नको म्हणाला. आता काढून काय उपयोग, असं तो म्हणाला, आणि त्यावर दोघांचं बोलणं बंद झालं ते पुष्कळ दिवस.

बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा यायची. आरसा धरायची, ओठ दाखवायची, ब म्हणा, म म्हणा. उम्म एहाब आधी करायची. खवागा गेल्यावर तिने आरशाकडे बघणंच सोडलं, आणि ती बाई यायची थांबली. सुनेचं तिच्याशी वागणं चांगलं आहे, म्हणजे अगदी मुलीसारखं आहे. न्हाऊ घालते, कूस बदलते, घास भरवते. सासू दोन घास घेते आणि तोंड मिटते. मी अजून सकाळी कॉफीला जाते, पण रिहाम आणि मीच बोलतो. परवा रिहाम तिला म्हणाली, "आई, मला एक शिवी तरी द्या." उम्म एहाबने तिच्याकडे पाहिलंही नाही. रिहामने चमचा खाली ठेवला, तिचं तोंड पुसलं, आणि ताट आत घेऊन गेली.